उजव्या हाताला बेट

माझ्यावर दत्तमहाराजांची कृपा आहे, असे मी वयाच्या तिशीपर्यंत चारचौघांत ठणकावून सांगत असे. कृपा होती हे खरेच, पण ती कशी असते हे मला ठाऊक नव्हते. पुढे जे घडले ते आमच्या निर्णा गावापासून हजारो मैलांवर, न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर घडले. त्यात माझ्या हातून एक लबाडी झाली होती. आजवर ती मी एकाच माणसापुढे कबूल केली आहे. आज लिहून टाकतो.

माझे थोरले चुलते, ज्यांना सारे गाव अप्पा म्हणे, निजामाच्या घोडदळात सलोत्री होते, म्हणजे घोड्यांचे वैद्य. पहिल्या महायुद्धात त्यांचा रिसाला मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, वाळवंटात गेला. तिथे न्यूझीलंडच्या एका गोऱ्या घोडेस्वाराची मरायला टेकलेली घोडी अप्पांनी वाचवली आणि त्या दोघांची जन्माची मैत्री जडली. त्याला उर्दू येत नव्हते, अप्पांना इंग्रजी येत नव्हते. जे काही बोलणे व्हायचे ते घोड्यांच्या निमित्ताने, हातवाऱ्यांनी. लढाई संपून तो आपल्या बेटावर गेला तरी वर्षाला एक पत्र येई. मी हुमनाबादला शाळेत मास्तर असल्यामुळे ते वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे होते. दर पत्रात एकच आग्रह असे, एकदा ये आणि आमचे डोंगर पाहून जा. शेवटचे पत्र त्याच्या बायकोचे आले. तो गेला होता. जाण्याआधी अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने अप्पांसाठी एक कागद लिहून ठेवला होता. कुठल्या बंदरात उतरायचे, बेटाभोवती कुठून कुठे जायचे, कोणती नदी कशी ओलांडायची, सगळे त्यात होते. अप्पांनी तो कागद दोन दिवस उशाशी ठेवला आणि तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "जायाचं."

अप्पांची साठी उलटली होती आणि त्यांना दमा होता. घरात कुणालाच ते पटले नाही. काकूंनी मात्र अडवले नाही. निघायच्या दिवशी त्यांनी मला परसात बोलावून घेतले आणि म्हणाल्या, "जसं न्यायलास तसं आणून पोचीव त्यांना." मी अगदी छातीवर हात ठेवून हो म्हणालो. मला खरोखरच काळजी वाटत नव्हती. दर पौर्णिमेला गाणगापूर, रोज औदुंबराला अकरा प्रदक्षिणा, त्यात कधी खंड नाही. अशा माणसाचे काय वाकडे होणार, असे मला वाटे.

लबाडी झाली ती आगबोटीवर. कोलंबो सोडल्यावर मी नकाशा उघडला आणि मित्राच्या कागदावरचा मार्ग बोटाने गिरवून पाहिला. दक्षिणेच्या बंदरात उतरून आधी पूर्व किनाऱ्याने वर जायचे, मग डोंगर ओलांडून पश्चिमेला, तिथून खाली हिमनदीपाशी, नदी ओलांडून समुद्राकडे, आणि शेवटी बोटीने खाड्या पाहत परत त्याच बंदरात. पूर्ण फेरा होता, पण बेट सबंध वेळ डाव्या हाताला राहत होते. ही उलटी प्रदक्षिणा झाली. आमच्याकडे लहान लेकरूसुद्धा देवाला डावीकडे ठेवून फिरत नाही, आणि जिथे बर्फाची शिखरे आहेत तिथे देव नाही असे मी कसे मानू? अप्पांना इंग्रजी वाचता येत नव्हते. घरी तो कागद मी त्यांना नुसता वरवर सांगितला होता; आता शेवटच्या ओळीपासून वर असा वाचून दाखवला. आधी खाड्या, मग हिमनदी, मग पूर्वेची मैदाने. बेट उजव्या हाताला. मित्राने दोन सूचना लिहिल्या होत्या. पश्चिमेकडे घाईने जाऊ नका, उन्हाळा मुरला की तिथल्या नद्या शांत होतात, ही पहिली. दुसरी अशी की नदीच्या उत्तर काठावर एक घर आहे, तिथल्या बाईला हाक मारा, ती पलीकडे सोडील. त्या दोन्ही ओळी मी वाचल्याच नाहीत.  ऐकून झाल्यावर अप्पांनी कागद मागून घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि समुद्राकडे पाहत बसले.

आम्ही उतरलो तेव्हा मार्गशीर्ष होता. आपल्याकडे शेकोट्या पेटतात तेव्हा तिकडे बर्फ वितळत असतो. दक्षिण टोकापासून एका लहान आगबोटीने आम्ही पश्चिमेच्या खाड्यांत शिरलो. तिकडे त्यांना फियॉर्ड म्हणतात. दोन्ही बाजूंनी डोंगर थेट पाण्यातून उभे, मधे काळेशार पाणी, आणि इतक्या उंचावरून धबधबे पडत होते की निम्म्या वाटेतच त्यांचे धुके होत होते. बोटीवरची माणसे आपोआप हळू बोलू लागली. अप्पांनी डोक्यावरचा रुमाल काढला. "त्यो वाळूत बसून सांगायचा तवा मला वाटायचं, फेकायलाय," ते म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. मी मात्र त्यांची खुर्ची सारखी उजव्या कठड्याकडे सरकवत होतो आणि मनात नाम मोजत होतो. इतके सुंदर दृश्य मी त्या दिवशी पाहिलेच नाही, हे मला अजून बोचते.

बोटीने आम्हांला किनाऱ्यावरच्या एका धक्क्यावर सोडले. पुढे रस्ता नव्हता. दोन भाड्याची घोडी घेऊन एक दिवसाची मजल मारली की हिमनदीखालची वस्ती लागणार होती. कित्येक वर्षांनी खोगिरावर बसलेले अप्पा मला तरुण दिसले. दुपारी पाऊस लागला आणि तिसऱ्या प्रहरी आम्ही नदीवर आलो. ती नदी आमच्याकडच्या कारंजा नदीसारखी एका पात्रातून वाहणारी नव्हती. अर्धा मैल रुंद दगडगोट्यांच्या पटावर तिचे पाच-सहा फाटे फुटले होते, आणि दुधात राख कालवल्यासारखे पाणी दर घटकेला वर चढत होते. पलीकडच्या काठावर, झाडांच्या वर, धुराची बारीक रेघ दिसत होती. ते घर तिकडे होते. आमच्या काठावर काहीच नव्हते. मी हाका मारल्या, पण पाण्याच्या आवाजात त्या मलाच ऐकू आल्या नाहीत.

तेव्हा तरी मी अप्पांना खरे सांगायला हवे होते. ते न करता मी घोडे पाण्याकडे वळवले. घोडे अडले.

"थांब," अप्पा म्हणाले. "ते न्हाई म्हणायलंय. त्याला कळतंय."

"माझ्यावर सोडा अप्पा. मी आधी वाट बघून येतो."

मी टाच मारली. पहिला फाटा पार झाला, दुसऱ्यात दहा पावले गेलो आणि घोड्याचे पाय खालच्या खड्यांवरून सरकले. पाणी इतके थंड होते की बुडतोय याची भीती वाटायलाही वेळ मिळाला नाही. दोन-तीन कोलांट्या खाऊन मी पहिल्या फाट्यात येऊन पडलो. कुणीतरी माझ्या कोटाची गळपट्टी धरली. ते अप्पा होते, छातीपर्यंत पाण्यात. त्यांनी मला ओढत काठावर आणले. घोडेही कसेबसे बाहेर आले, पण खोगिराला बांधलेली घोंगडी, खाणे आणि अप्पांच्या औषधाची बाटली वाहून गेली.

काठावर येताच अप्पांना दम्याने गाठले. गुडघ्यांवर हात टेकून ते श्वासासाठी झगडत होते आणि प्रत्येक श्वासाला छातीतून शीळ येत होती. ओठ काळेनिळे पडले. मागचा धक्का सात-आठ कोस, दिवस कलत चाललेला, आणि माझ्याकडे एक कोरडी चिंधी नव्हती. मी स्तोत्र म्हणायला तोंड उघडले. ज्याला सारे मुखोद्गत आहे अशी माझी ख्याती, त्याला एक ओळ आठवेना. अप्पांची पाठ चोळता चोळता मला लख्ख दिसले की यांना इथे मी आणले आहे, देवाचे नाव घेऊन, माझ्या हट्टाने. मी रडलो. मग एवढेच म्हणालो, "महाराज, मला काही कळत नाही. आता तुम्ही." आयुष्यात प्रथमच मी त्यांना काय करायचे ते सांगितले नव्हते.

किती वेळ गेला सांगता येत नाही. पलीकडच्या झाडीतून एक तांबडी गाय बाहेर आली आणि पाण्याच्या कडेला उभी राहिली. तिच्यामागून कुत्री आली. मी मोजायचे म्हणून मोजली नाहीत, पण ती चार होती. दत्ताच्या तसबिरीपुढे ज्याचे बालपण गेले, पायांशी चार कुत्री आणि मागे गाय हे चित्र ज्याने हजारदा गंध लावून पाहिले, त्या माणसाला तेव्हा काय वाटले असेल, ते लिहिता येत नाही. मी वाद घालणार नाही. मेंढ्यांच्या मुलखात कुत्री असतातच, आणि गाय कुणाचीही सुटू शकते. मग एका दांडग्या पांढऱ्या घोड्यावर पुरुषी कोट घातलेली पन्नाशीची बाई आली, गाईला काहीतरी खडसावले, आणि तिची नजर आमच्याकडे गेली.

ती सरळ आली नाही. प्रत्येक फाट्यापाशी थांबे, पाणी निरखी, कधी उलट वर जाई, कधी तिरकी उतरे. अर्ध्या तासाने ती आमच्यापाशी पोचली.  तिने अप्पांना आपल्यापुढे घोड्यावर घेतले, आमच्या घोड्यांना आपल्या मागे दोर बांधला आणि मला म्हणाली, लगाम सोडून द्या, घोड्याला काही सांगू नका. मी लगाम सोडला. डोळे मिटले नाहीत, नामही मोजले नाही. तिच्या घोड्याच्या मागे माझे घोडे जिथे पाऊल टाकी तिथे मी जात होतो, आणि खरे सांगतो, भीती कुठल्या कुठे गेली होती.

तिच्या घरात चुलीजवळ अप्पांना बसते ठेवून तिने त्याच गाईचे गरम दूध घोट घोट पाजले आणि छातीला कसलेसे तेल चोळले. ती गाईवर रागावलेलीच होती. या दिवसांत दक्षिणेकडून कुणी येत नाही, म्हणून ती नदीकडे फिरकतही नाही, आज या मेलीने दावे तोडले म्हणून यावे लागले, असे पुन्हा पुन्हा सांगत होती. दिवेलागणीला अप्पांच्या छातीतली शीळ थांबली.

तिसऱ्या दिवशी पाऊस उघडला. अप्पांना ऊन मिळावे म्हणून मी त्यांची खाट दक्षिणेच्या ओसरीवर काढली, थंडीत आपल्याकडे काढतात तशी. दुपार झाली तरी ऊन येईना. बाई हसली आणि म्हणाली, इथे ओसरीच्या या बाजूला ऊन कधीच येत नाही, खाट उत्तरेला न्या. मी अंगणात जाऊन पाहिले. भर दुपारी सूर्य उत्तरेकडे झुकलेला होता. पूर्वेला उगवून तो उत्तरेच्या अंगाने मावळतीला निघाला होता. अप्पा खाटेवरून बघत होते.

"तुझा सूर्य हितं उलटा फिरायलाय की रं," ते म्हणाले. "मग तू कुणाच्या संगं प्रदक्षिणा घालायलास?"

मी त्यांच्या पायांशी बसलो आणि सगळे सांगितले, उलटा वाचलेला कागद, गाळलेल्या दोन्ही ओळी. त्यांनी खिशातून तो कागद काढला. पाण्याने शाई पसरली होती.

"ठावं व्हतं मला. मिसरात वाळूवर बोटानं काढून दावली व्हती त्यानं सारी वाट."

"मग बोलला कामून न्हाईत?"

"तू ऐकणार व्हतास व्हय?" एवढे बोलून ते उन्हाकडे तोंड करून पडून राहिले.

अप्पांना बरे वाटल्यावर त्या बाईनेच आम्हांला हिमनदीपाशी नेले. डोंगरांच्या फटीतून बर्फाचा निळसर लोट खाली आला होता आणि आतून मधूनच कडाडल्याचा आवाज येत होता. अप्पांनी त्यावर हात ठेवला आणि मित्राचे नाव घेतले. पुढचा प्रवास, आगगाडी, बोगदा, पूर्वेची मैदाने, मी डोळे उघडे ठेवून केला. बेट कोणत्या हाताला आहे ते पाहिले नाही. अप्पांना चुलीपाशी शेक मिळालेला पाहून मला कृपेचे जे कळले होते ते कुठल्याच दिशेला बांधलेले नव्हते.

दोन-अडीच महिन्यांनी आम्ही मन्नाएखेळ्ळीला मोटारीतून उतरलो आणि बैलगाडीने निर्ण्याला आलो. अप्पा आपल्या पायांनी खाली उतरले. मी वचन पाळले होते, आणि लाजेने का होईना, थोडा अभिमान वाटत होता. काकू भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात आल्या. त्यांनी तुकडा आधी माझ्यावरून उतरवला.

"काकू, आधी अप्पांना," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. अप्पांना म्हणाल्या, "आणलंत व्हय लेकराला नीट. मी म्हटलंच व्हतं तुमाला, लई धीट हाय ते, नजर ठेवा म्हणून."

"एकदा पडलं पाण्यात," अप्पा म्हणाले. "काढलं भाईर." आणि जोडा काढून आत गेले.

मी दारातच उभा राहिलो. एवढा सारा प्रवास मी ज्यांना सांभाळून नेतो आहे असे समजत होतो, त्यांच्या स्वाधीन मला निघण्याआधीच करून ठेवले होते, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. आजही मी औदुंबराला प्रदक्षिणा घालतो, उजवीकडूनच. पण पादुकांपुढे उभा राहिलो की आता महाराजांना काही सांगत नाही, काही मागत नाही. माझ्यासाठी कुणीतरी आधीच बोलून ठेवले आहे, असे धरून चालतो, आणि नमस्कार करून घरी येतो.