मामापुढचं शून्य

"माझ्यापुढे शून्य? माझ्यापुढे शून्य?"

हे भांडण मी काही चोरून ऐकलं नाही. मी स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसले होते, आणि मामाचा आवाज असा, की दार लावलं तरी तो दारातून आरपार येतो. त्यात प्रत्येक गोष्ट दोनदा. सगळी नोकरी बसस्थानकावर गाड्या पुकारण्यात गेली ना; तिथे एकदा सांगून कुणाला ऐकू जात नाही. पुढे पुकारायला यंत्र आलं आणि मामा घरी बसला, पण दोनदा बोलायची खोड काही निवृत्त झाली नाही.

मामा म्हणजे माझ्या सुनेचा थोरला भाऊ. एकटा जीव, आमच्याच मागच्या खोलीत राहतो. घरात सगळे त्याला मामा म्हणतात, मीसुद्धा.

"अरे, तू घरचा माणूस," माझी नात त्याला समजावत होती. "घरच्या माणसाचे पैसे बजेटात धरतात का?"

"पैसे नकोत गं. पैसे नकोत. पण शून्य? अगदी मामा बनवलंस मला!"

"तू आहेसच मामा!"

मला असं हसू फुटलं, की दाणे टरफलांत आणि टरफलं दाण्यांत. पण भांडण कशाचं, ते काही उमजेना, म्हणून मी सूप घेऊन त्यांच्यातच जाऊन बसले.

नातीने चांगली नोकरी सोडून फोनवर चालणारं काहीतरी करायला घेतलं होतं, एवढं मला ठाऊक होतं. कोपऱ्यावरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावून लोक सकाळपासून ताटकळतात. हिच्या वस्तूमुळे घरबसल्या फोनवर दिसतं, तुमच्या आधी किती जण उरले. मला वाटायचं, दवाखान्यातून फोनपर्यंत कसलीतरी वायर गेली असणार.

"दवाखान्यातलं फोनला कळतं कसं गं?"

"सध्या मामा कळवतो."

म्हणजे हा रोज दवाखान्याच्या बाकावर बसायचा, पुकारलेला नंबर ऐकायचा आणि फोनवर दाबायचा. लोक म्हणायचे, काय यंत्र आहे! आणि यंत्र तिथेच बाकावर थर्मासमधला चहा पीत बसलेलं.

"मग तुझी वस्तू अर्धवटच की."

"अर्धवट नाही आजी, थोडकी. अर्धी कात्री कापत नाही, लहान कात्री कापते. आधी लहान करायची, लोक वापरतात का बघायचं, मग मोठी."

हे मला पटलं. तिची शिल्लक जेमतेम काही महिने पुरणार होती. तेवढ्यात वस्तू उभी राहून आणखी एका दवाखान्याने पैसे देऊन घ्यायला हवी होती, नाहीतर परत नोकरीचं दार वाजवायचं. म्हणून ती खर्चाला कात्री लावत बसली होती. दवाखान्यात बसवायचं यंत्र महाग, ते कापलं. त्याच्या जागी मामा, आणि त्याच्यापुढे शून्य.

मला तर चटकच लागली विचारायची. "रंगांना पैसे पडतात?"

"पडतात."

"आणि ते मध्येच गोल गोल फिरतं ते?"

"ते वाट बघायला लावतं. त्यालाही पडतात."

"अगं बाई, वाट बघायचेसुद्धा पैसे!"

मामा फुगला, पण जायचा थांबला नाही. बाकावरचे लोक हळहळायचे, रोज येतो बिचारा, दोन्ही डोळे गेलेले दिसतात. एकदा तर तिथे नंबर पुकारणाऱ्या बाईंनी रांगेतलाच समजून त्याच्या डोळ्यांत थेंब टाकले. झालं! जवळचं काही दिसेना, फोनवरचे आकडे म्हणजे नुसत्या मुंग्या. त्या दिवशी गावभर नंबर जागच्या जागी थांबले. लोकांचे फोनवर फोन, "तुमचं सॉफ्टवेअर बंद पडलंय." नात म्हणाली, "दुरुस्ती चालू आहे." दुरुस्ती आमच्या मागच्या खोलीत काळा चष्मा लावून पडली होती.

त्याच आठवड्यात दातांचा दवाखाना हो म्हणाला. पोरगी घरी आली ती तोंड पाडून.

"हो म्हणाले ना? मग झालं काय?"

"आजी, दुसरा मामा कुठून आणू?"

"तुझ्या आईला भाऊ एकच. विहीणबाईंना आता या वयात काय सांगणार?"

हसली बिचारी. संध्याकाळी तिने शून्य पुसलं आणि बाकावर बसणाऱ्या माणसाचा पुरता पगार तिथे मांडला. बेरीज शिलकीच्या पार वर गेली. वस्तू स्वस्त नव्हतीच कधी, आम्हाला मामा फुकट मिळाला होता. मग रंग गेले, गोल फिरणारं गेलं, टुणटुण आवाज गेला. दुसऱ्या दिवशी ती स्वतः दिवसभर मामाशेजारी बाकावर बसली. थेंब टाकणाऱ्या बाईंचे दोन्ही हात ओले, गुंतलेले. पाय मात्र मोकळे. तिने टेबलाखाली पायाने दाबायचं बटण बसवायचं ठरवलं, माझ्या जुन्या शिलाई मशीनच्या पायडलसारखं. नंबर पुकारायचा आणि पाय दाबायचा. तेवढं उरलेल्या पैशांत बसत होतं, आणि दातांच्या दवाखान्यातही.

बटण बसलं त्या रात्री जेवताना मामा म्हणाला, "म्हणजे परत यंत्र. परत यंत्र."

मी पोरीकडे बघितलं. "हो मामा," एवढंच म्हणाली ती. उगाच गोड बोलली नाही, ते मला आवडलं. नवं बजेट तिने त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. आजवरच्या कामाचा आकडा त्याच्या नावापुढे होता. त्याने चष्मा वर सारून बघितलं.

"जास्त आहे. जास्त आहे."

"असू दे. उद्या एक दिवस दोन्ही चालू ठेवू. बटण चुकतं का, ते तुझ्यावरून ताडून बघते. परवापासून नको जाऊस."

दुसऱ्या दिवशी माझाच नंबर होता, मोतीबिंदूचा. मामा रोजच्यासारखा थर्मास घेऊन सकाळीच गेला. मी पदर सारखा करत होते तेवढ्यात फोनवर आलं, तुमच्या आधी तीन जण. बटणाने चोख सांगितलं होतं. लगेच फोन वाजला.

"मावशी, तीन जण आहेत. तीन जण. निघा. आणि चष्मा घ्या, चष्मा घ्या."

चष्मा खरंच टेबलावर राहिला होता. "बरं झालं सांगितलंस," मी म्हटलं.

पोचले तेव्हा बाईंनी पुढचा नंबर पुकारला आणि टेबलाखाली पाय दाबला. बाकावर मामाने फोनवर अंगठा दाबला, मान वर न करता थोडा सरकला आणि मला जागा करून दिली.