घड्याळात तीन वाजले होते

अन्वी, कबीर,

हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही — आणि ते तर मी दार कसं लावलं त्यावरून माझा राग ओळखायचे. उद्या संध्याकाळनंतर मात्र ते सगळ्या किनाऱ्याला माहीत असेल. तुम्हाला ते कुणाच्या तरी मोबाइलवरून, अर्धवट, तिखटमीठ लावून कळावं हे मला चालणार नाही. म्हणून आज लिहिते आहे.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. मलाही गेलं असतं. ‘आय रिग्रेट’ लिहून माणूस किती पटकन मोकळा होतो — शाळेत मुलींना तसली पत्रं लिहायला मीच शिकवलं. पण खोटं मी मराठीत बोलले. तेव्हा कबूलही मराठीतच करणार. तुमच्या रविवारच्या मराठी शाळेचा आता उपयोग होऊ दे.

तुम्ही मला ओळखता ती व्यवस्थित आजी म्हणून. माझ्या डब्यांवर चिठ्ठ्या असतात. उद्याची साडी आज इस्त्री होऊन खुर्चीवर असते. तुम्ही येणार असलात की तुमचे टॉवेल महिनाभर आधी बाहेर निघतात, आणि तुमचे बाबा हसतात. हसू देत. काम अंगावर यायच्या आत संपवायचं, याचा मला अभिमान होता. खरं सांगू? अजूनही आहे. तो गेलेला नाही, आणि गेला असं मी म्हणणारही नाही. पण जगात एक काम असं आहे की जे आधी करून ठेवता येत नाही. तेच माझ्या वाट्याला आलं होतं.

निवृत्तीनंतर मी बोरिवलीतल्या एका लहानशा सामुदायिक रेडिओ केंद्रात जायला लागले, हे तुम्हाला माहीत आहे. आमचा आवाज फार लांब जात नाही. खाडीपलीकडे मनोरी, गोराई, इकडे मढपर्यंत, बस्स. संध्याकाळी सहाला मी समुद्राची बातमी वाचते. वारा किती, लाटा किती, होड्यांनी जावं की नाही. कधी मोठ्या भरतीचा इशारा, कधी डोंगरउतारावरच्या वस्तीला दरड कोसळण्याचा. इशारा हवामान खात्याकडून इंग्रजीत येतो. तो मी माणसाला कळेल अशा मराठीत सांगते. यात माझं नाव झालं. कोळणी बाजारात माझा आवाज ओळखतात. लाजायचं कशाला, मला ते फार आवडायचं.

आणि एक पद्धत होती. ती मीच पाडली होती. बातमीच्या सुरुवातीला मी घड्याळात बघून वेळ सांगायची — ‘आता संध्याकाळचे सहा वाजले आहेत.’ का? कारण बाकीच्या कार्यक्रमांसारखं हे आधी भरून ठेवलेलं नाही, हे ऐकणाऱ्याला कळावं म्हणून. बाई आत्ता, या क्षणी खुर्चीत बसली आहे. तिच्या हातातला कागद ताजा आहे. होडीवरच्या माणसाला एवढंच हवं असतं. वाजलेली वेळ ऐकली की तो नांगर उचलायचा.

आता सांगते. टाळत नाही.

शनिवार होता. तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं, लग्नसराई सुरू झाली होती. अन्वी, तुझा वाढदिवस होता. तुमच्याकडे सकाळ, आमच्याकडे संध्याकाळ. तू शाळेआधीच्या घाईत नाही, चांगली निवांत मेणबत्त्या विझवणार होतीस आणि मी फोनवर बघणार होते. शनिवारी दुपारनंतर आमच्या केंद्रात कुणी नसतं. संगणकाला सांगून ठेवलं की तो ठरल्या वेळी ठरलेला कार्यक्रम लावतो. दुपारचा इशारा माझ्यासमोर होता — समुद्र शांत, होड्यांना हरकत नाही. मी माइक आणि ध्वनिमुद्रण चालू केलं. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. त्यात तीन वाजले होते. ते बघत, अगदी त्याच्याकडे बघत, मी म्हणाले — ‘आता संध्याकाळचे सहा वाजले आहेत.’

आवाज जराही हलला नाही. हलायला हवा होता, नाही का? नाही हलला. उलट, काम वेळेआधी हातावेगळं झालं म्हणून मी खूश होऊन घरी आले.

अन्वी, पुढचं वाक्य नीट वाच. तुझ्या वाढदिवसाचा याच्याशी काडीचा संबंध नाही. तुझा केक पुन्हा कापता आला असता. मी सातला फोन करते म्हटलं असतं तर तुम्ही थांबला असता. खरं म्हणजे मला त्या रिकाम्या खोलीत सहापर्यंत बसायचं नव्हतं. तीन तास नुसतं बसायचं, तेही तोच कागद पुन्हा वाचायला — हे मला अव्यवस्थित वाटलं. एवढंच. हा दोष माझा आहे, आणि तो मी वाटून देणार नाही. तुला तर नाहीच.

मी गेल्यावर केंद्रात सुधारित इशारा आला. वारा फिरला होता. रात्री खवळलेला समुद्र, होड्यांनी बाहेर पडू नये, पडलेल्यांनी परत फिरावं. तो कुणी वाचलाच नाही. सहाला माझा आवाज गेला — वेळ सांगून, समुद्र शांत म्हणत.

मनोरीत त्या संध्याकाळी एका घरी हळद होती. बँड लागला होता, सगळा कोळीवाडा नाचत होता. रेडिओ कोण ऐकणार? बहुतेक होड्या धक्क्यालाच होत्या. ऐकणारा एकच — दामू तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान. होडीवरच्या माणसांचा जीव त्याच्या शब्दावर. त्याची बायको पारू आमच्या इमारतीत मासे घेऊन यायची. तुम्ही लहानपणी तिच्या टोपलीतल्या खेकड्याला घाबरून माझ्या मागे लपायचात — तीच. दामूने बातमी ऐकली, भरती धरली आणि पारूच्या धाकट्या भावाला, महेशला, बरोबर घेऊन निघाला. नंतर मच्छीमार सोसायटीच्या भोंग्यावरून सुधारित इशारा ओरडून झाला, पण तोवर तो खाडीच्या तोंडाबाहेर होता.

सकाळी एका ट्रॉलरला दामू सापडला, जाळ्याच्या तरंगत्या फ्लोटला धरून. महेशचं प्रेत नंतर गोराईच्या वाळूत सापडलं.

तुम्ही म्हणाल, आजी, चूक झाली. थांबा. ती इथे संपली असती तर मी कदाचित चूक म्हटलंही असतं.

सोसायटीची माणसं केंद्रात आली. दामू म्हणत होता की सहाच्या बातमीत समुद्र शांत सांगितला, बाईंनी वेळसुद्धा सांगितली. आमच्या सरांनी — केंद्राचे प्रमुख, सज्जन माणूस — मला सगळ्यांसमोर विचारलं, “बाई, सुधारित इशारा वाचला होता ना?” मी म्हणाले, हो. ते ध्वनिमुद्रण मी त्या सकाळी, बातमी कळताच, पुसून आले होते. तेही व्यवस्थित. माझ्या शब्दावर कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. इंग्रजी बोलणारी, पांढऱ्या केसांची, वेळेची पक्की बाई. आणि समोर कोण? सुजलेल्या डोळ्यांचा, आदल्या रात्री प्यायला असेल असं वाटणारा एक कोळी. कुणावर विश्वास ठेवायचा हे त्या खोलीत ठरवावंच लागलं नाही. मला हे माहीत होतं. मी त्याचाच आधार घेतला.

पारू पुढे एकदा दारात आली. टोपली नव्हती. म्हणाली, “बाय, माज्या डोल्यात बगून सांग. तू वाचलास ना इशारा?”

तिच्या डोळ्यांत बघून मी सांगितलं — वाचला.

“मंग नवराच खोटा,” ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

पाठच्या भावाला आपल्या नवऱ्याने हट्टाने मारलं, हे धरून ती बाई त्याच्याबरोबर एका घरात राहिली. वर्षानुवर्षं. आणि माझ्या दारात येऊन बोंबील साफ करून देत राहिली. मी तिला पाणी द्यायची, कधी चहा. याला काय म्हणतात? मला शब्द माहीत आहे. भ्याडपणा. इंग्रजीतही तो काही गोड होत नाही.

दामूबरोबर होडीवर यायला मग कुणी तयार होईना. त्याने होडी विकली. आता तो मार्वे ते मनोरी फेरीबोटीवर दोर टाकायचं आणि लोकांना चढता-उतरताना हात द्यायचं काम करतो.

मागच्या आठवड्यात मी त्याच बोटीने मनोरीला गेले. आमच्या केंद्राचा तिथल्या बायकांसाठी कार्यक्रम होता — मोबाइलवर इशारे कसे बघायचे. गर्दी होती. मागून एकजण ओरडला, “काय दामूशेट, किती वाजले?”

“सहा!” दुसऱ्याने परस्पर उत्तर दिलं. “आनि दर्या शांत!”

हसले सगळे. वाईट माणसं नव्हती ती. जुना विनोद होता, रोजचा. लहान पोरंसुद्धा हसली, ज्यांना महेश कोण हे ठाऊक नाही. दामूही हसला. ते हसणं मी पाहिलं.

उतरताना त्याने मला हात दिला. “संभालून बाई, शेवाल हाय.” मग हात न सोडता हळूच म्हणाला, “बाई, तवा मीच उलटा आयकला असन. इंजिनाचा आवाज व्हता. तुमी कशाला खोटा सांगाल?”

तो टोमणा असता तर मी आजही गप्प बसले असते — मी स्वतःला एवढी ओळखते. टोमणा नव्हता. त्याने खरंच स्वतःला पटवलं होतं. होडी गेली, मेव्हणा गेला, बायकोचा विश्वास गेला; राहिलं होतं एक, की आपण जे ऐकलं ते ऐकलं. तेही त्याने माझ्या हवाली केलं. एका माणसाचे कानसुद्धा मी घेतले. तुम्हाला वाटेल मी रडले. नाही. मला संताप आला. अजून आहे. माझ्यावरच आहे, आणि तो शांत करण्याची माझी इच्छा नाही.

उद्या मी केंद्रात जाऊन हे रेडिओवर सांगणार आहे. सरांना विचारलेलं नाही. विचारलं तर ते आधी मसुदा मागतील, मग समिती बसवतील, आणि समितीत मीच असेन. तुमच्या बाबांनाही सांगितलेलं नाही. ते म्हणतील, ‘आई, आता कशाला? तुझं वय काय!’ मग कधी? दामू गेल्यावर? माझ्या वयाची ढाल मला नको. त्याच वयाच्या, त्याच पांढऱ्या केसांच्या जोरावर माझं खोटं खपलं. केंद्र मला काढेल, काढावंच. सोसायटीची माणसं दारात येतील. दार उघडं असेल. पोलीस आले तर त्यांनाही हेच सांगेन, याच शब्दांत. इमारतीतल्या बायका काय म्हणतील याची काळजी तुमच्या आईने करावी, मी करणार नाही.

या पत्रात ‘माफ करा’ कुठे आहे ते शोधू नका. मी ते लिहिलेलं नाही. दामूलाही म्हणणार नाही. ते म्हटलं की समोरच्याला काहीतरी उत्तर द्यावं लागतं, आणि त्या माणसाकडून मी आणखी काही घेणार नाही. पारूच्या घरी आज दुपारी गेले होते. दाराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, बाजारात आहे. मग मी तशीच परत फिरले. तिचा रेडिओ सहाला चालू असतो, हे मला माहीत आहे. अजूनही.

आधी समुद्राची बातमी वाचेन. ती माझ्यासाठी थांबणार नाही. मग सांगेन की दामोदर तांडेल यांनी त्या दिवशी जे ऐकलं ते बरोबर ऐकलं, आणि मी काय केलं ते सांगेन.

केंद्रातल्या भिंतीवर घड्याळ तेच आहे. उद्या त्याच्याकडे बघेन, ते दाखवेल ती वेळ सांगेन, आणि सुरू करेन.

— आजी