खारी ओल

निजामाचं राज्य गेलं त्या साली जमिनीत पुरलेलं लोखंड हुडकणारं यंत्र घेऊन कोकणातला एक जवान आमच्या गावी, आखाडा बाळापूरजवळ आला. कानांवर हेडफोन चढवून तो मान कलती करायचा, जणू जमीन त्याच्याजवळ चहाडी करतेय.

माझ्या काकानं खाऱ्या विहिरीपाशी बंदुका पुरल्यात, अशी खबर पाटलानं जवानाच्या लष्करी साहेबाला दिली होती. तिथल्या ओल्या मातीवर यंत्र जागोजाग गुणगुणलं. साहेबानं काकाला बांधलं आणि गावाला खणायला लावलं. निघाला नुसता चिखल.

"साहेब, खाऱ्या ओलीनं यंत्र फसतं. समुद्राकाठी रोज फसायचं," जवान म्हणाला.

"यंत्र सरकारी आहे. खणा!"

जवानानं बादलीभर पाण्यात मीठ कालवलं. साहेबाच्या तंबूपुढच्या कोरड्या जमिनीवर यंत्र गप्प होतं. तिथं त्यानं ते पाणी ओतलं. यंत्र गुणगुणू लागलं.

"इथंही खणायचं, साहेब?"

साहेबानं काकाला सोडायला सांगितलं.

"यंत्र चुकलं, तर मला काहून बांधलं?" काकानं जवानाला विचारलं.

दोर सोडवत तो हळूच म्हणाला, "काका, यंत्र बिघडलं तर मी खोलून बघतो. साहेबाला कुठं खोलू?"

काका हसला. मनगटांवरचे वळ मात्र आठवडाभर गेले नाहीत.