आप्पांच्या हातातलं सोपट

आज सकाळी वटारच्या वाडीत यंदाचा पहिला गारठा जाणवला. पानवेल बांधताना बोटं आखडली आणि माझे वडील, आप्पा, आठवले.

पंचवीस वर्षांपूर्वी अशाच थंडीत ते केळीच्या सुक्या सोपटाने वेल बांधत होते. गाठ तीनदा सुटली. घाईत मी सोपट त्यांच्या हातातून ओढलं. "आप्पा, तुम्ही घरी बसा आता. मी करतो."

त्यांनी ते क्षणभर घट्ट धरून ठेवलं, मग सोडलं. "सैल बांध हां, वेल काचते," एवढंच म्हणाले आणि पंच्याला हात पुसत गेले.

पुन्हा ते वाडीत आले नाहीत. त्यांना आराम मिळाला, याचं मला समाधान होतं. ते वारल्यावर आई म्हणाली, "रोज सकाळी चपला घालून ओट्यावर बसायचे रे. तू हाक मारशील म्हणून."