आरसा नसलेलं बेसिन

मी धंद्यानं पाइप-फिटर. नळ, वायसर, बेसिनं यांतच हयात गेली. आपण केलेल्या कामाला दुसऱ्यानं हात लावलेला मला खपायचा नाही. एकदा एका मुकादमानं मी बसवलेला नळ उगाच पिळून बघितला, तर मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नव्हतो. असला मी तिरसट माणूस. त्यामुळे आपल्याच घरातलं एक बेसिन आपल्या हातून साफ चुकलं, हे कबूल करायला मला म्हातारपण यावं लागलं.

तेव्हा तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चालू होतं. कऱ्हाडकडचे आम्ही काही जण तिथं कामाला आलो होतो. बाकीचे बोईसरला चाळीत राहिले. मी मात्र किनाऱ्याजवळच्या एका गावात कोळ्यांच्या घराची मागची बाजू भाड्यानं घेतली. एक खोली आणि एक पडवी. घरमालकीण पन्नाशीची कोळीण, तोंडानं फटकळ पण मनानं चांगली. अंगणात तिचे बोंबील वाळत असायचे, त्या वासानं सुरुवातीचे दिवस मला भाकरी गिळवली नाही.

बायको कऱ्हाडला माझ्या आईजवळ होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा घरात स्टोव्हचा भडका उडाला. तिच्या तोंडाची डावी बाजू, कान आणि मान भाजली. त्या स्टोव्हचा वायसर आदल्याच दिवशी मी बदलून दिला होता. मला कुणी काही बोललं नाही. आई नाही, सासरे नाहीत, ती तर नाहीच. एखादा तरी बोलला असता तर बरं झालं असतं. मिरजेला दवाखान्यात मी तिच्या उशाशी बसून असायचो आणि सलाइनच्या बाटलीतले थेंब मोजायचो.

ती घरी आली तेव्हा आईनं घरातले सगळे आरसे काढून ट्रंकेत घातले होते. "पोरीनं बघितलं तर खचून जाईल," म्हणाली. रोज सकाळी आईच तिला कुंकू लावून द्यायची. मला ते सगळं पटलं होतं, आईच्या मायेचं कौतुकच वाटलं होतं. पुढं इथलं काम लागलं आणि मी निघून आलो. खरं सांगायचं तर मी पळून आलो.

सात-आठ महिन्यांनी तिचं निळं अंतर्देशीय पत्र आलं. अक्षर चांगलं होतं तिचं, सातवीपर्यंत शिकलेली होती. लिहिलं होतं, "मला तिकडे घेऊन चला. मानेची कातडी आवळली आहे, मोरीत खाली वाकता येत नाही. सासूबाई तांब्यानं पाणी घालतात तेव्हा तोंड धुऊन होतं. त्यांचेही गुडघे दुखतात. आडावर गेलं की बायका बघतात. मला दार लावून, उभ्यानं, आपलं आपण तोंड धुता येईल एवढी जागा करा. दुसरं काही नको. एकत्र राहू."

ते पत्र मी किती वेळा वाचलं असेल! आयला, म्हटलं, उभ्यानं तोंड धुवायचं ना? मग फिटरची बायको आहे ती. गावात कुणी बघितलं नसेल असं बेसिन बसवतो.

घरमालकिणीला विचारून मी पडवीचा कोपरा विटांनी बंद केला. दार केलं, आतून कडी लावली. छपरावर काचेची दोन कौलं घातली, उजेडाला. बाहेर चौथऱ्यावर पिंप चढवलं, त्यातून पाइप आत आणला. पाणी विहिरीचं, मीच सकाळी बादल्यांनी पिंप भरणार होतो. सांडपाणी नारळाच्या आळ्यात सोडलं. एवढं झाल्यावर एका रविवारी पालघरला गेलो बेसिन बघायला.

दुकानात तीन बेसिनं होती. एक पांढरं, एक फिकं निळं आणि एक पिस्ता रंगाचं. निळ्यावर केसाएवढी बारीक चीर गेली होती, बोटानं टिचकी मारली तर बद्द वाजलं. पांढरं खणखणीत वाजलं, पण पांढरं म्हटलं की मला दवाखाना आठवे. मी पिस्ता रंगाचं घेतलं. दुकानदार खूश झाला. "साहेब, याच्यावर अंडाकृती आरसा येतो, काठाला फुलं कोरलेली. जोडीनं न्या."

"आरसा नको."

"अहो, बेसिन आहे तिथं आरसा हवाच. घरात बाईमाणूस नाही का?"

"नको म्हटलं ना!" मी ओरडलोच. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. बेसिन गवतात बांधून, गोणपाटात शिवून मी पॅसेंजरनं बोईसरला आणलं, मांडीवर धरून.

खालचं कपाट मनोरला एका सुताराकडून करून घेतलं. सागाची फळी, दोन दारं, आत एक कप्पा, वर कडाप्पा. काम सुबक करायचा गडी. पण त्यानंही मागच्या फळीत आरशासाठी चौकट ठेवली होती. "ती बुजवून टाका," म्हटलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, खांदे उडवले आणि फळी ठोकून दिली.

बेसिनची उंची मी नेहमीपेक्षा चार बोटं जास्त घेतली. ती दारात उभी राहिली की तिचं डोकं चौकटीला कुठवर यायचं, ते मला पाठ होतं. त्यावरून हिशेब केला. मान न वाकवता ओंजळ तोंडाला लागली पाहिजे. तो हिशेब बिनचूक होता, हे आजही छातीठोकपणे सांगतो.

मग मात्र मी वेड्यासारखा वागायला लागलो. बेसिनच्या वरची भिंत रिकामी दिसायला लागली, म्हणून कॅलेंडरातलं कृष्णा-कोयनेच्या संगमाचं चित्र काढून फोटोच्या एका चौकटीत घालून तिथं बसवलं. बसवल्यावर लक्षात आलं की चौकटीच्या काचेत माझं तोंड दिसतंय. काच काढून टाकली. नळ कोरा होता, निकेलचा, झगझगीत. त्यात नाक मोठं आणि कान बारीक असं माणूस दिसायचं. मी पॉलिश पेपर घेतला आणि तो नळ घासत बसलो, त्याची झळाळी पार मरेपर्यंत. नवा कोरा नळ! दुसऱ्या कुठल्या फिटरनं असं केलं असतं तर मी त्याला नागडा करून मारला असता. शेवटी माझा दाढीचा आरसाही कामावरच्या पेटीत नेऊन ठेवला आणि तिकडेच दाढी करायला लागलो.

घरमालकीण एकदा बघायला आली. बेसिनवरून हात फिरवला, कपाटाची दारं उघडली, मिटली. मग म्हणाली, "सगला झ्याक हाय. आरसा कुठं हाय?"

"तिला नकोय."

"तिनं सांगलाय?"

मी नळाचा आटा आणखी आवळला. ती बोंबील उलटायला निघून गेली. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मी शहाणा नव्हतोच.

मेव्हणा तिला मुंबईपर्यंत घेऊन आला, तिथून मी आणलं. पदर डाव्या बाजूनं ओढून घेतला होता. गाडीत ती खिडकीशी आणि मी समोर. मी बाहेरची मिठागरं दाखवत होतो, खाड्या दाखवत होतो, माझं तोंड एक क्षण बंद नव्हतं. घरी आल्यावर मी दार उघडून बेसिन दाखवलं. तिनं नळ सोडला. उभ्यानं ओंजळ भरली, तोंडावर पाणी मारलं. मग मला बाहेर काढलं आणि आतून कडी लावून घेतली. कितीतरी वेळ पाणी वाहत होतं. मी बाहेर उभा राहून ऐकत होतो. पिंप रिकामं झालं तरी चालेल, पुन्हा भरू, म्हटलं. त्या दिवशी मला वाटलं, आपण जिंकलो.

सहा दिवस बरे गेले. ती स्वयंपाक करायची, घरमालकिणीकडे जाऊन बसायची, मासे कसे निवडतात ते बघायची. सातव्या दिवशी सकाळी मी डबा बांधत होतो. ती पडवीतून हातात कुंकवाचा करंडा घेऊन आली.

"अहो, आरसा कुठंय? रोज चाचपडत लावते कुंकू."

"आणायचाय. पालघरला मिळाला नाही."

"आणि नळ का घासलाय?"

"तसाच आला होता."

"मी फिटरची बायको आहे. मला नका सांगू." तिनं करंडा खाली ठेवला. मग शांतपणे म्हणाली, "माझी आत्या विधवा झाली ना, त्या दिवशी बायकांनी तिचा आरसा आणि करंडा उचलून नेला. मी लहान होते. मला वाटलं, चोरी झाली. तुम्ही जिते आहात. मग माझा आरसा का काढला?"

एवढी साधी गोष्ट! कुंकू लावणाऱ्या बाईच्या घरातला आरसा कधी काढतात, हे मला माहीत नव्हतं का? आमच्या आळीत चार घरांत मी बघितलं होतं. पण डोक्यात आलंच नाही.

"अगं, तुझ्यासाठीच काढला. तुला वाईट वाटू नये म्हणून."

"मी मागितलं होतं का? मी दार मागितलं, पाणी मागितलं. तिकडे सासूबाईंनी ट्रंकेत घातला, म्हटलं, म्हाताऱ्या आहेत, त्यांच्या मायेपुढं काय बोलायचं. इकडे आपल्या घरी गेल्यावर बघू, तुम्ही जवळ असताना बघू, असं ठरवून आले होते मी. सहा दिवस झाले. तुम्ही भाकरीशी बोलता, भिंतीशी बोलता. माझ्याकडे एकदा तरी बघितलं?"

"बघतो की."

"नाही बघत. स्टोव्हचं मी कधी तोंडातून काढलं का? पुढंही काढणार नाही. पण तुम्ही बघणारच नसाल तर मी इथं राहू कशी?"

मी कामावर गेलोच नाही. तसाच बोईसरला, तिथून पालघरला. तोच दुकानदार, तोच फुलांचा अंडाकृती आरसा. त्यानं तो कागदात बांधून दिला. दुपारी घरी आलो. संगमाचं चित्र उतरवलं, भिंतीत छिद्रं पाडली, लाकडी गुल्ल्या ठोकल्या, आरसा लावला. लेव्हल धरून बघितली. बुडबुडा बरोबर मधोमध होता.

ती आली. पदर तिनं खांद्यावरून मागं टाकला. वरच्या काचेच्या कौलांतून ऊन सरळ तिच्या तोंडावर पडलं होतं. मी तिच्या मागं दारात होतो. ती आरशात बघत राहिली. हातानं गाल चाचपला, कान चाचपला. मला वाटलं, आता रडेल, आता कोसळेल. ती रडली नाही. करंड्यातून बोट भरून तिनं कुंकू लावलं, कपाळाच्या बरोबर मध्ये.

"मला वाटलं होतं तेवढं नाहीये," ती म्हणाली. "उगाच भीत होते." आणि जरा हसली. मग आरशातूनच म्हणाली, "अहो, बघा की."

काय अवघड होतं? मान वर करायची, एवढंच. त्या तोंडावर मी बदललेला वायसर होता, माझा हात होता, सगळं होतं. किळस होती का, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही, आणि आता विचारून उपयोग नाही. ती थांबली होती. तिनं मला भरपूर वेळ दिला.

मी खालच्या कोपऱ्यातल्या स्क्रूला बोट लावलं आणि म्हणालो, "हा जरा ढिला राहिलाय."

तिनं पदर पुन्हा डोक्यावर घेतला. करंडा मिटला. म्हणाली, "उद्याच्या गाडीनं मला माहेरी पोचवा." आवाज चढलेला नव्हता.

पोचवलं. नंतर दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळा तिनं चहा केला, आईच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि मी उठलो तेव्हा थांबा म्हणाली नाही. तिसऱ्यांदा जायची माझी हिंमत झाली नाही. ती तिकडे बालवाडीत शिकवायला लागली होती. मुलं तिच्या मांडीवर चढायची, गालाला हात लावायची, असं मला एका नातेवाइकानं सांगितलं. ती वारली त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

मला कुणी विचारलं की तुमच्या बायकोचं तोंड किती भाजलं होतं, तर मला सांगता येणार नाही. त्या पोरांना ठाऊक होतं. मी कधी बघितलंच नाही.