पालं उतरली, बांबू राहिले

"पालं उतरवली की, मॅडम," सरपंच दत्ताभाऊ म्हणाले. "ह्ये नुसते बांबू हायेत."

सकाळी आम्ही दोघं बाजाराच्या मैदानात उभे होतो. नोटीस माझ्या सहीची होती. बाजार उठला की सूर्यास्तापूर्वी सर्व पालं उतरवावीत, रात्री पाल आढळल्यास जप्त करण्यात येईल. गावाने ती शब्दशः पाळली होती. ताडपत्र्या, जुन्या साड्या, हिरवी शेडनेट, सगळं घरी गेलं होतं. मैदानावर फक्त बांबू उभे होते, चार-चारच्या गटाने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

ईरा, निहार, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं चिडला होतात. बीचवर ठेवून आलेला तुमचा सावलीचा तंबू सकाळपर्यंत तिथल्या म्युनिसिपालिटीने उचलून नेला होता. "रात्री तिथे कोणीच नसतं आजी, मग कोणाला त्रास?" असं निहार म्हणाला. तुमचा बाबा म्हणाला, नियम म्हणजे नियम. मला दोघांचंही पूर्ण पटलं नाही. आमच्या संभाजीनगरहून समुद्र फार लांब आहे. पण सार्वजनिक जागेवर रात्रभर उभ्या राहणाऱ्या तंबूंचं प्रकरण मी नोकरीत हाताळलेलं आहे. ते तुम्हाला सांगते.

निवृत्तीच्या थोडं आधी मी गटविकास अधिकारी होते. सगळे बीडीओ म्हणायचे. तालुक्यातल्या ग्रामपंचायतींचा कारभार नीट चाललाय की नाही, हे बघायचं काम. हे गाव कन्नडकडे जाताना लागणारं, मोठं. नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे गुरुवारी आठवडी बाजार भरायचा. पाल म्हणजे चार बांबू, वर कापड आणि खाली दुकान. आमच्याकडच्या उन्हात पालाशिवाय बसलं तर दुपारपर्यंत मेथीची भाजी माना टाकते आणि विकणारी बाईसुद्धा.

रोज पहाटे त्याच मैदानावर गावातल्या मुली पोलीस भरतीची तयारी करायच्या. धावणं, गोळाफेक. धावायचा ट्रॅक त्या फक्कीने, म्हणजे चुन्याच्या पांढऱ्या पुडीने, स्वतः आखायच्या. पूर्वी पालं बाजारानंतर निघत असत. मग काही जणांनी ती आठवडाभर तशीच ठेवायला सुरुवात केली. त्यांचं बघून बाकीच्यांनीही. मुलींचा ट्रॅक पालांमधून वाट काढत जाऊ लागला. पालकांनी तक्रार केली, ती थेट जिल्हा परिषदेच्या सीईओ साहेबांकडे. म्हणून माझी नोटीस निघाली होती.

बांबू पाहून मी दुसरी नोटीस काढली. पाल व बांबू.

पुढच्या शुक्रवारी बांबूही नव्हते. मी समाधानाने चहा घेत होते, तेवढ्यात दत्ताभाऊंचा फोन आला. बांबू काढताना लोकांनी सळईच्या खुंट्या मात्र जमिनीतच ठेवल्या होत्या. बोटभर वर आलेल्या, मातीच्याच रंगाच्या. बांबू निदान दिसत तरी होते. पहाटेच्या अंधुक उजेडात रोहिणी नावाच्या मुलीचा पाय खुंटीला अडकला आणि घोटा मुरगळला. तिची भरती तोंडावर आली होती.

दुपारी सीईओ साहेबांचा फोन. तरुण, हुशार अधिकारी, बोलणं तुटक.

"मॅडम, बाजार हायवेजवळच्या गायरानावर शिफ्ट करू. सिंपल आहे."

"सर, तिथे बाजार टिकणार नाही. गावातल्या बायका पायी येतात. हायवे ओलांडून कोण जाईल?"

"मग मुलींनी पडत राहायचं?"

"नाही सर."

"येत्या शुक्रवारी सकाळी मी स्वतः येतो. ग्राउंड क्लिअर दिसलं तर ठीक. नाहीतर शिफ्टिंगची ऑर्डर त्याच दिवशी."

ऑफिसात क्लार्कने तिसऱ्या नोटिशीचा मसुदा टाइप करून ठेवला होता. 'पाल, बांबू, खुंट्या, दोऱ्या, दगड व तत्सम वस्तू.' तत्सम हा आमच्या खात्याचा लाडका शब्द. तत्सममध्ये काय येत नाही, हे शोधायला गावाला एक आठवडा पुरला असता. मी सही केली नाही. जीप काढायला सांगितली.

गावात पोचले ती बाजारात मैदानाच्या गेटापाशी नेहमी बसणाऱ्या हमीदाबींच्या घरी. त्या बांगड्या विकायच्या. शेजारची कोंडाबाई, लसूण-मिरचीवाली, तिथेच ओट्यावर मिरच्यांचे देठ खुडत होती. दत्ताभाऊ माझ्याबरोबर होते.

"हमीदाबी," मी विचारलं, "ऊन दिवसा असतं. मग रात्री खुंटी कशाला लागते?"

"मॅडम, खुंटी निकाली तो जगा गयी समजा," त्या म्हणाल्या. "सुबू सुबू शहरातून टेंपोवाले येतात. गेट उघडं, मोकळी जागा दिसली की तिथंच माल उतरवतात. उनसे कौन झगडा करे? माझं गिऱ्हाईक गेटातून आत येतं आन हात पुढं करतं. मला मागं ढकललं तर बायका इचारणार बी नाय, हमीदाबी कुठं हाय म्हणून."

म्हणजे पाल सावलीसाठी होतंच, पण रात्री ते जागा धरायचं काम करत होतं. कापड गेलं तर बांबूने धरायची, बांबू गेला तर खुंटीने. मी एकेक वस्तू काढायला सांगत होते आणि लोक तेच काम खालच्या वस्तूकडे सोपवत होते. तुमच्या बीचवरही सगळ्यांत पुढची, पाण्याजवळची रांग रात्रीच भरलेली असते ना? तसंच.

मी म्हटलं, "जागांना नंबर देऊ. ज्याची त्याची."

दत्ताभाऊंनी मान हलवली. "नंबर दिला की मालकी आली, मॅडम. उद्या नंबर भाड्यानं दिला जाईल, परवा इकला जाईल. सरकारी मैदान हाय ह्ये."

ते बरोबर होतं. मग मी सहज विचारलं, "हमीदाबी, तुम्ही कधी आजारी पडता, बाहेरगावी जाता. तेव्हा जागा राहते?"

"राहते की. लेकीच्या बाळंतपणाला पाचोडला गेल्ते, दोन बाजार चुकले. पाल उभं व्हतं, जागा राहिली."

कोंडाबाईने देठ खुडायचं थांबवलं.

"कुठलं पाल उभं व्हतं गं? वावटळीत उडालं तुझं पाल. बांबू पडले व्हते आडवे. म्या आन त्या पलीकडच्या भांडेवाल्यानं राखली तुझी जागा. टेंपोवाला आल्ता, त्याला म्हणलं, इथं बांगड्यावाली बसती, तू फुडं जा."

"मंग मला सांगितलं नाय ते?"

"तू इचारलं कवा?"

"मी पाल परत उभं केलं, वाटलं पोरांनी पाडलं."

"पोरं कशाला पाडतील. लई दिमाख त्या पालाचा."

दत्ताभाऊ हसले. हमीदाबी हसल्या नाहीत. त्या उठून आत चहा ठेवायला गेल्या.

जागा राखणारी यंत्रणा गावात आधीपासून होती. फक्त तिच्यावर कोणी विसंबत नव्हतं, कारण ती दिसत नव्हती. त्याच संध्याकाळी ग्रामसभा बोलावली. ग्रामसभा म्हणजे गावातल्या सगळ्या मतदारांची बैठक. नियम साधा ठेवला. बाजाराच्या सकाळी जागेबद्दल वाद झाला, तर डाव्या-उजव्या शेजाऱ्यांचा शब्द प्रमाण. मैदानात रात्री ज्याने काहीही ठेवलं, त्याच्या बाजूने त्या आठवड्याला शेजाऱ्यांचा शब्द ऐकला जाणार नाही. टेंपोवाल्यांसाठी मागची, रस्त्याकडची रांग वेगळी.

"पर रांग कुठं सुरू व्हती, कुठं संपती, कसं कळणार?" एकाने विचारलं. "लोक फुडं फुडं सरकत्यात."

मागे बसलेली रोहिणी उठली. पायाला क्रेप बँडेज होतं. "आम्ही ट्रॅक आखतोच की. गुरुवारी प्रॅक्टिस झाली की फक्कीनं तुमच्या रांगा आखून देऊ."

"सांजच्याला पुसून जाईल ती," कोणीतरी म्हणालं.

"पुसूनच जायला पाहिजे," दत्ताभाऊ म्हणाले. "तिच्यावर मालकी कोण सांगनार?"

गुरुवारी उजाडायच्या सुमारास मी हजर होते. मुलींनी धावून झाल्यावर रांगा आखायला घेतल्या. रोहिणीला धावता येत नव्हतं, म्हणून ती गेटच्या साखळीपाशी खुर्ची टाकून बसली होती. बाहेर पहिला टेंपो हॉर्न देत होता.

"ए ताई, साखळी काढ. माल उतरवायचाय."

"रांगा आखून व्हायच्यात दादा. थांबा."

"तू कोण गं? पोलीस हायेस का?"

"व्हायचंय," रोहिणी म्हणाली. साखळी काही तिने सोडली नाही.

आत सोडल्यावरही तो आधी गेटाजवळच थांबला. कोंडाबाई आणि भांडेवाला दोघांनी एकदमच सांगितलं की इथे बांगड्यावाली बसते. तो कुरकुरत मागच्या रांगेत गेला. तिथे टेंपो दुकानाला लागूनच उभा करता येतो हे दिसल्यावर कुरकुर थांबली. हमीदाबी जरा उशिरा आल्या. त्यांची जागा रिकामी होती. त्यावर काहीच नव्हतं, फक्त दोन्ही बाजूंना दोन शेजारी. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि कोंडाबाईच्या हातात डझनभर हिरव्या बांगड्या चढवायला घेतल्या.

संध्याकाळी पालं उतरली, बांबू उतरले, खुंट्या निघाल्या. फक्की शेकडो पायांखाली आधीच नाहीशी झाली होती.

शुक्रवारी सकाळी सीईओ साहेब आले. मुली धावत होत्या. मैदान ताटासारखं साफ. त्यांनी एक चक्कर मारली, बुटाच्या टोकाने माती उकरून पाहिली.

"म्हणजे बाजार हलवला तुम्ही?"

"नाही सर," दत्ताभाऊ म्हणाले. "उचलून घरी नेलाय. गुरुवारी परत आणनार."

शिफ्टिंगची ऑर्डर निघाली नाही. पुढे दोन-तीनदा वाद झाले. एकदा तर दोन शेजाऱ्यांचंच आपसांत पटेना. तरी व्यवस्था टिकली. रोहिणी त्या भरतीत निवडली गेली नाही, पुढच्या भरतीत गेली.

तिसऱ्या नोटिशीचा मसुदा मी फाडला नाही, फायलीत तसाच राहू दिला. त्यानंतर मात्र वस्तू हटवायची कुठलीही नोटीस सहीसाठी आली, की मी आधी त्या जागेवर जाऊन बसायची आणि विचारायची, ही इथे रात्रभर उभी राहून कोणाचं काम करते? कामं थोडी उशिरा होत. दोनदा करावी लागत नसत.