स्क्रूवरून हात काढला तेव्हा

नरसिंहावर मी रुसलो होतो. हे आज लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. माझी बायको सुमन वर्षानुवर्षं शनिवारी पोखर्णीला नरसिंहाच्या देवळात जायची. अशाच एका शनिवारी दर्शन करून परतताना, आमच्या फाट्यावर एसटीतून उतरताना तिचा पाय सटकला आणि पाठीचा मणका मोडला. परभणीत ऑपरेशन झालं. घरी आणल्यावरही ती अंथरुणातून पोखर्णीच्या दिशेला हात जोडायची आणि मी उठून बाहेर जायचो. जिला तुझ्याशिवाय काही सुचत नाही, तिलाच तू सांभाळलं नाहीस, एवढंच मनात यायचं.

बाहेर म्हणजे ट्रककडे. लष्कराच्या लिलावातून आलेला तो छोटा, जुना पेट्रोल ट्रक मी भाजीपाल्याच्या खेपांसाठी ठेवला होता. त्या दिवसांत त्यानंही छळ मांडला होता. पळताना बरा चालायचा, पण अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन थरथरून बंद पडायचं. कार्बोरेटर दोनदा खोलून साफ केला. रेसचा स्क्रू आवळला, पेट्रोल आणि हवेचं मिश्रण ठरवणारा स्क्रू कधी आत, कधी बाहेर फिरवला. तीस वर्षं गाड्या चालवलेला माणूस मी, दुसऱ्याला विचारणं कमीपणाचं वाटायचं. रोज पिळत राहिलो आणि रोज जास्त बिघडत गेलं.

एका सकाळी सुमनला ताप भरला. टाक्यांतून पू येऊ लागला. डॉक्टर फोनवर म्हणाले, "आत्ताच्या आत्ता निघा, दुपारी मला बाहेरगावी जायचंय." अँब्युलन्सला दोन तास लागणार होते. तिला बसता येत नव्हतं, म्हणून ट्रकमध्ये मागं गादी टाकून शेजाऱ्यांनी तिला अलगद निजवलं. माझी बहीण तिच्या उशाशी बसली. वाटेत गाडी हिसका देई आणि मागून सुमनचं कण्हणं ऐकू येई. प्रत्येक हिसका मीच तिला देतोय असं वाटे.

पोखर्णी थोडीशी पुढं राहिली असताना ट्रक बंद पडला. रेस देऊन कसाबसा पेटायचा, गिअर टाकायच्या आत मरायचा. बॉनेट उघडून मी पुन्हा स्क्रू पिळू लागलो. स्क्रूड्रायव्हर घसरला, बोट फाटलं. मी तो खाली टाकला आणि रस्त्याच्या कडेला बसलो. "आता माझ्यानं होत नाही," असं मोठ्यानं बोललो. कुणाला बोललो, ते तेव्हा कळलं नाही.

शेजारच्या पडीक रानात मेंढरं चरत होती. त्यांच्यामागून साठीची एक बाई काठी टेकत आली.

"काय झालं, भाऊ?"

"बंद पडायलीय, मावशी. तुमाला काय सांगू त्यातलं?"

"सांगू नका. चालू करा."

मी केबिनमध्ये बसून रेस देऊ लागलो. तिनं कार्बोरेटरच्या तोंडावर अर्धा तळहात धरला आणि मरू घातलेलं इंजिन एकदम सावरलं. ती बॉनेटआडून ओरडली, "बगा, तोंड झाकलं की धरायलीय! कुटून तरी फालतू हवा वढायलीय ही. स्क्रूचा काय बी दोष न्हाई. माजे मालक ट्रकवर होते, लय वर्सं त्यांच्या शेजारी बसून फिरले मी."

मग आपल्या बाटलीतलं पाणी ती एकेका जोडावर थोडं थोडं सोडू लागली. एका बारीक रबरी पाइपावर पाणी पडताच आवाज बदलला. पाइपाचं टोक चिरलं होतं. मी गाडी बंद केली. तिनं कमरेच्या विळ्यानं चिरलेला तुकडा कापला आणि उरलेला पाइप घट्ट बसवून दिला.

"आता मिक्चरचा स्क्रू हळूच पार आत घ्या. तितून दीड फेरा सोडा. रेस उतरवा. आन् मग हात काढा."

हात काढला. कित्येक आठवड्यांनी ते इंजिन एका लयीत, शांत चालत राहिलं.

बाईनं मागं जाऊन सुमनच्या गालावरून हात फिरवला. "जावा लवकर," म्हणाली आणि मेंढरांमागं निघाली. नाव विचारायचंही मला सुचलं नाही. पोखर्णी आली तेव्हा माझा हात आपोआप कपाळाला गेला.

डॉक्टर निघायच्या तयारीत होते. जखम त्यांनी लगेच धुतली. आणखी उशीर झाला असता तर जंतू हाडापर्यंत गेले असते, असं नंतर म्हणाले. आज सुमन काठी घेऊन अंगणात चालते.

काही महिन्यांनी विचारत विचारत मी त्या बाईंचा मेंढवाडा शोधला. हात जोडून म्हणालो, "मावशी, तुमी देवासारख्या आल्या."

त्या म्हणाल्या, "मालक गेल्यापासून मला इंजिनाचा आवाज सोसत नव्हता, भाऊ. गाडी दिसली की मी मेंढरं दुसरीकडं वळवायचे. त्या दिवशी तुमची गाडी घरघरायली, आन् पाय आपसूक तिकडंच आले. घरी जाऊन पोटभर रडले. लय दिवसांनी हलकं वाटलं."

मी समजत होतो की त्या रस्त्यावर कृपा फक्त माझ्यासाठी आली होती. तो नरसिंह कुणाचं दुःख कुणाच्या हातानं हलकं करतो, हे माझ्या हिशेबात बसणारं नव्हतंच. आता मी प्रयत्न सोडत नाही, पण एका टप्प्यावर थांबतो, हात काढून घेतो आणि ऐकतो. त्या माउलीचे आणि तिला तिथं आणणाऱ्याचे उपकार फिटायचे नाहीत. ते न फिटता उरावेत, एवढंच मागणं आहे.